परदेशस्थ भाच्यास, जुन्या येझदीच्या खरेदीबाबत

मलकापूर, ता. शाहूवाडी



जुनी मोटारसायकल विकत घेणे हा व्यवहार एरवी साधा असला, तरी विकणारा त्याच गाडीचा शौकीन असला आणि घेणारा स्टुटगार्टला नोकरीस असला, म्हणजे त्यात दोन निराळ्या अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात: एक माणसाची आणि दुसरी अंतराची. कोल्हापुरातल्या त्या गृहस्थांची १९८८ सालची येझदी रोडकिंग घ्यावी की नाही, असा चिरंजीवाचा प्रश्न आहे. पण त्याच पत्रात गाडीचे चौदा फोटो आहेत, किंमत जवळजवळ ठरल्याचे लिहिले आहे, आणि रंग तसाच ठेवायचा की काळा करायचा याचाही विचार सुरू झालेला दिसतो. मन आधीच बसलेल्या माणसाला 'घेऊ नये' असे सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून येथे गाडी कशी घ्यावी एवढाच विचार केला आहे.

शौकिनाकडून घेतलेली गाडी दलालाच्या गाडीपेक्षा चांगली असते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र त्याचे कारण लोक समजतात ते नव्हे. दलालाला गाडीतला दोष माहीत असतो आणि तो तो झाकतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना घेणारा मुळातच सावध असतो. शौकीन माणूस सहसा काही झाकत नाही. अडचण अशी की दहा-पंधरा वर्षे त्याच गाडीबरोबर काढल्यामुळे तिचे दोष त्याला दोष म्हणून दिसेनासे होतात. खिशात कायम एक जादा प्लग बाळगणे, थंडीच्या दिवसांत गाडी नेहमी उतारावर लावणे, किक मारण्याआधी कार्बोरेटरचा टिकलर, म्हणजे पेट्रोल थोडे वर आणणारे बटण, ठराविक तीनदा दाबणे, या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात, आणि 'गाडी कशी आहे?' या प्रश्नाला तो अगदी प्रामाणिकपणे 'एक नंबर' असे उत्तर देतो. त्यातून टिकलरचे बटण दाबणे ही जुन्या गाडीची रीतच आहे. उतार शोधणे मात्र नाही. ज्याची येझदी सपाट रस्त्यावर उभी केलेली एकाही फोटोत दिसत नाही, त्याच्या गाडीच्या किकबद्दल आणि दाबाबद्दल, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या कॉम्प्रेशनबद्दल, वेगळी चौकशी करावी.

यावरून असे ठरते की शौकिनाला मत विचारू नये, तपशील विचारावा. सिलिंडर शेवटचा कधी बोअर केला, कोणाकडे केला आणि आता कितव्या मापाचा पिस्टन बसला आहे, हे विचारले की असा मनुष्य तासभर आनंदाने बोलतो, आणि त्या बोलण्यात जे हवे ते सगळे येऊन जाते. बोअर करणे म्हणजे झिजलेल्या सिलिंडरची आतली भिंत लेथवर किंवा बोअरिंग मशिनवर एकसारखी कापून तीत किंचित मोठा पिस्टन बसवणे. प्रत्येक वेळी भिंत पातळ होत जाते, म्हणून हे काम काही ठराविक वेळाच करता येते आणि त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे नवी आतली नळी, घालावी लागते. कोल्हापुरात ही कामे करणाऱ्या हातांना तोटा नाही. ज्या गावाने ऑइल इंजिने ओतून देशभर पाठवली, त्या गावच्या शिवाजी उद्यमनगरात येझदीचा सिलिंडर बोअर करून मिळणे अवघड नाही. म्हणूनच हे काम किती वेळा झाले याची मोजदाद कोणी फारशी ठेवत नाही.

या गाडीबद्दल थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण चिरंजीवाचे सध्याचे बिऱ्हाड आणि ही गाडी यांत एक जुने नाते आहे. प्रागमध्ये १९२९ साली फ्रान्टिशेक यानेचेक यांनी वान्डरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग घेतला आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. तीच गाडी पुढे म्हैसूरला आयडियल जावा या इराणी कुटुंबाच्या कारखान्यात १९६१ पासून बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव येझदी झाले, १९७८ मध्ये रोडकिंग आली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ आणि २०२२ मध्ये अनुक्रमे जावा आणि येझदी ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली, पण त्या गाड्यांचा जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाशी संबंध नाही. म्हणजे जुन्या येझदीतली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे. या वयाच्या गाडीत कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला, हे कळल्याखेरीज तिची किंमत करणे म्हणजे आंबा घाटातल्या धुक्यात दरी मोजण्यासारखे आहे.

तेव्हा गाडी पाहणारा मनुष्य आपला हवा, आणि तो शौकीन नसलेला हवा. मलकापुरातला एखादा जुना मेस्त्री पाठवावा. त्याला गाडीचे प्रेम नसते, त्याला उद्या दुरुस्तीला किती वेळ जाईल एवढेच दिसते, आणि या कामाला तीच नजर उपयोगी. विक्रेत्याला आदल्या दिवशीच कळवून ठेवावे की इंजिन गार ठेवा, आम्ही आल्यावर चालू करू. मेस्त्री पोहोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवलेली असली, तर सिलिंडरच्या पंखांना हात लावताच ते कळते. अशा वेळी वाद न घालता चहा घ्यावा आणि तासाभराने पुन्हा पाहावे. येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा डाव्या बाजूला एकच असतो: तो आत दाबून वर फिरवला की किक होते, आणि परत खाली आणला की गिअर. हा दांडा ढिला झालेला असेल, किंवा किक मधूनच सटकत असेल, तर आतले दाते झिजलेले समजावेत. तसेच या गाडीत गिअरचा दांडा पायाने दाबला की क्लच आपोआप सुटतो. तो सुटत नसेल आणि मालक हाताचा क्लच दाबूनच गिअर टाकत असेल, तर 'मला तशीच सवय आहे' हे उत्तर मान्य करू नये.

धुराचे तर शास्त्रच आहे. दोन-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असल्याने सुरुवातीला थोडा निळसर धूर येणे स्वाभाविक आहे. परंतु गाडी तापल्यानंतरही पांढरा दाट धूर दोन्ही सायलेन्सरमधून येत राहिला आणि गिअरबॉक्समधले तेल मात्र कमी भरले, तर क्रँकचे सील गेले असे मानावे. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा आतला दांडा, आणि सील म्हणजे त्याच्या दोन टोकांवरच्या रबरी कड्या. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे रबर कडक होते आणि इंजिन गिअरबॉक्सचे तेल आत ओढू लागते. हा दोष गल्लीत चक्कर मारून दिसत नाही. विक्रेत्याची तयारी असेल तर गाडी कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्याने आंबा घाट उतरवून साखरप्याला न्यावी, तिथे बंद करून दहा मिनिटे उभी करावी, आणि तापलेल्या इंजिनावर पुन्हा किक मारून तोच घाट चढवावा. त्या चढाला गाडी जे सांगते ते कोणताच मालक सांगू शकत नाही.

मेस्त्रीने करायच्या कामांपैकी सर्वांत महत्त्वाचे काम मात्र इंजिनाचे नाही, कागदाचे आहे. हँडलखालच्या मानेवर ठोकलेल्या चासी क्रमांकावर पातळ कागद धरावा, शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासावी, म्हणजे आकडे एकेक करून पांढरे उमटतात. परिवहन कार्यालयात अर्जाला हीच छाप लावतात आणि लोक ती घाईघाईत उरकतात; पण ती नीट पाहिली तर एखादा आकडा शेजारच्यापेक्षा उथळ आहे का, एखाद्याभोवती ग्राइंडरच्या रेघा आहेत का, तीनाचा आठ झाला आहे का, हे डोळ्यांना दिसते तेवढेच बोटालाही कळते. इंजिन क्रमांकाचीही तशीच छाप घ्यावी आणि दोन्ही आर.सी. बुकाशी ताडून पाहाव्यात. येझदीच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक, कारण एका मॉडेलच्या सांगाड्यात दुसऱ्याचे भंगारातून आणलेले इंजिन बसवण्याची चाल शौकिनांत सर्रास आहे, आणि त्यात त्यांना काही वावगेही वाटत नाही. बदललेले इंजिन पुस्तकात नोंदलेले असेल तर हरकत नाही. नोंदलेले नसेल तर ते नोंदवून घेण्याचे काम विक्रेत्याचे, घेणाऱ्याचे नव्हे. टाकीवर एक चुंबकही फिरवावा: जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्यासाठी रंगारी भरतात तो लेप, आहे असे समजावे.

कागदपत्रांविषयी शौकीन लोकांत एक प्रकारची बेफिकिरी आढळते आणि ती चिरंजीवाने अजिबात घेऊ नये. गाडी हातोहात फिरते, कोऱ्या टीटीओ फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, पहिल्या मालकाची सही घेतलेली असते, आणि ते कागद गाडीबरोबर तीन-चार घरे फिरतात. पुस्तकात नाव मात्र पहिल्याचेच. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधल्या एका निकालात हे स्पष्टच केले: गाडी प्रत्यक्षात अनेकांना विकली गेलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदणीत राहिले होते त्याच्यावर टाकली गेली. म्हणजे कोरे फॉर्म फिरवण्यात विकणाऱ्याचेही तेवढेच नुकसान आहे, आणि हे त्या गृहस्थांना समजावून सांगितले तर ते रागावणार नाहीत. कायद्याचे कलम ५० असे आहे की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाची माहिती द्यायची. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज आहेत. पुस्तकावर एखाद्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा कर्जबोजा नोंदलेला असेल, तर कर्ज पंचवीस वर्षांपूर्वी फिटलेले असले तरी नमुना ३५ वर तिची सही आणल्याखेरीज तो निघत नाही, आणि ती संस्थाच आता राहिलेली नसेल तर तो शोध घेणे विक्रेत्याने आपल्या अंगावर घ्यावे.

नोंदणीच्या मुदतीचा हिशेब तर चिरंजीव स्वतःच करू शकतो. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची आणि पुढची दर खेपेला ५ वर्षांची. म्हणजे १९८८ साली नोंदलेल्या गाडीच्या पुस्तकात २००३, २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ अशा पाच नूतनीकरणांच्या नोंदी दिसायला हव्यात, आणि प्रत्येक वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी राहिलेली असायला हवी. मधले एखादे साल गायब असेल तर विलंबशुल्क, पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर आणि नव्या तपासणीचा खर्च हे सगळे किमतीतून वजा करून मग बोलणी करावीत. उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागेल, कारण १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती राज्यात सक्तीची आहे. गृहस्थ जाहिरातीत 'विंटेज' असे लिहितात ते कानाला गोड लागते, पण २०२१ च्या नियमानुसार विंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते ती पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनालाच. रोडकिंगला अजून बराच अवकाश आहे, तेव्हा त्या शब्दाचे पैसे देऊ नयेत. गाडी मूळची निपाणी किंवा बेळगावची निघाली तर मात्र नमुना २८ चा ना हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हा वेगळा अध्याय सुरू होतो.

जर्मनीत दर दोन वर्षांनी मुख्य तपासणी होते, तिचा गोल रंगीत शिक्का मागच्या नंबरप्लेटवर दिसतो, आणि नोंदणीच्या कागदाचे दोन भाग असल्याने मालक एक गाडीबरोबर बाळगतो व दुसरा घरी ठेवून विक्रीच्या वेळीच हातात देतो. तिकडची ही व्यवस्था पाहून चिरंजीवास वाटले असेल की कागद आहे म्हणजे गाडी तपासलेली आहे. आपल्याकडे खासगी दुचाकीची पहिली पंधरा वर्षे अशी यांत्रिक तपासणी होत नाही. पीयूसी हा फक्त धुराचा दाखला आहे, ब्रेकचा नव्हे.

आता अंतराचा प्रश्न. परदेशात राहून गाडी नावावर करण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, गाडी वडिलांच्या नावावर घेणे. ही सोपी, आणि घरोघरी हेच करतात, पण मग गाडी वडिलांची, विमा वडिलांचा आणि कोणी पोराने ती विनापरवाना चालवून कोणाला उडवले तर समन्सही वडिलांना, हे आधी त्यांना सांगून त्यांची संमती घ्यावी. दुसरी वाट खास मुखत्यारपत्राची. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्यास देणारा दस्त. 'खास' म्हणजे तो एका ठराविक कामापुरता, येथे या क्रमांकाच्या या गाडीपुरता. तो तिथल्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही करून पाठवावा आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे, नाहीतर ऐन वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो. सगळी मालमत्ता हाताळण्याचे कुलमुखत्यारपत्र एका मोटारसायकलीसाठी कोणालाही, मामालासुद्धा, देऊ नये.

तिसरी वाट थांबण्याची, आणि मामाचा कौल तिलाच आहे. सदतीस-अडतीस वर्षे टिकलेली गाडी दिवाळीच्या रजेपर्यंत बिघडत नाही. तोवर इसार, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची आगाऊ रक्कम, देऊन गाडी राखून ठेवता येते; इसारपावतीवर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, ठरलेली एकूण किंमत, दिलेली रक्कम, उरलेली कधी द्यायची आणि कागद अपुरे निघाले तर इसार परत मिळेल ही अट, एवढे स्पष्ट लिहावे, आणि पेन्सिलीची छाप तिलाच टाचावी. पैसे खात्यातूनच द्यावेत. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर इथले जुने बचत खाते अनिवासी भारतीयांच्या, ज्याला एनआरओ म्हणतात त्या, खात्यात बदलून घ्यावे लागते. चिरंजीवाने ते अजून केले नसल्याची शंका आहे, आणि हे काम गाडीपेक्षाही आधीचे आहे. रक्कम मित्राच्या मोबाइलवरून, मित्राच्या मित्राच्या नावे पाठवण्याचा प्रकार करू नये. पुढे काही झाले तर पैसे कोणी कोणाला कशासाठी दिले याचा पुरावा फक्त त्या बँकेच्या नोंदीतच असतो.

खरेदीनंतर गाडी ठेवायची कुठे, याचा विचार चौदा फोटोंत कुठेच नाही. शाहूवाडीचा पावसाळा कोल्हापूर शहरासारखा नाही. आंबा-विशाळगडाकडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी उघड्या पडवीतल्या गाडीपेक्षा लवकर गंजते, कारण आत साठलेली वाफ बाहेर पडत नाही. गाडी मधल्या स्टँडवर, फळीवर उभी करावी, सुती कापड घालावे, आणि वायरींवर उंदीर बसू नयेत म्हणून सीटखाली महिन्याला पाहावे. पेट्रोलचीही गोष्ट आता बदलली आहे: पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉल हवेतला ओलावा धरते, आणि अर्धी भरलेली टाकी चार महिने तशीच राहिली तर तळाशी पाणी साठून आतून गंज धरतो व जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. म्हणून पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करून टाकीत थोडे तेल फिरवून ठेवावे. हे दरवर्षी कोण करणार, त्याचे नाव चिरंजीवाने परतीच्या पत्रात लिहावे. 'घरचे बघतील' हे नाव नव्हे.

विक्रेत्याशी भाव करताना एक पथ्य पाळावे. दलालाशी घासाघीस करावी. शौकिनाशी गाडीला नावे ठेवून भाव पाडू नये, कारण तो गाडीचा अपमान स्वतःचा समजतो आणि मग सुटे भाग, ओळखीचा मेस्त्री, रात्री नऊ वाजता दिलेला सल्ला, हे जे शौकिनाकडून फुकट मिळत असते ते सगळे बंद होते. मेस्त्रीने काढलेला खर्चाचा कागद समोर ठेवावा आणि गप्प बसावे. गाडी नेल्यानंतर ती पाहायला यायची परवानगी ते मागतील. ती आनंदाने द्यावी.

त्या गृहस्थांनी गाडीबरोबर एक जुना पिस्टन, दोन क्लच केबल आणि दुरुस्तीच्या नोंदींची एक हाताने लिहिलेली वही देऊ केल्याचे चिरंजीवाने पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. पंधरावा फोटो मागवू नये. त्या वहीची सगळी पाने, पहिल्या तारखेपासून, आधी मागवून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत इकडे पाठवावी. मेस्त्री ती वाचून मगच कोल्हापूरला जाईल.